फ्लोराइड व्हार्निशचे पापुद्रे निघतात, दातावर टिकत नाही: कारण कुठे शोधायचं?

तक्रार साधारण अशी येते. मुलाच्या दातांना व्हार्निश, म्हणजे कीड रोखण्यासाठीचा फ्लोराइडचा चिकट लेप, लावलं आणि मूल खुर्चीतून उतरून वेटिंगमध्ये जाईपर्यंत ओठाला पिवळसर पापुद्रा लागलेला. किंवा शाळेच्या शिबिरात एकाच खोक्यातल्या दोन पुड्या उघडल्या. पहिल्या मुलाला तलम थर बसला, दुसऱ्याच्या दाढांवर गोळे. किंवा ट्यूब दाबली की आधी पातळ, मधासारखा पारदर्शक रस येतो आणि मागून रवाळ लगदा. जूनमध्ये शाळा सुरू होतात, तपासणी शिबिरं लागतात आणि पुण्यातल्या माझ्या सहकाऱ्यांचे, इंटर्नचे आणि असिस्टंट ताईंचे हेच प्रश्न दरवर्षी येतात.

उत्तरंही बहुतेक वेळा ठरलेली असतात: "मॅडम, ब्रँडच बदलू या" किंवा "मूल फार हलत होतं." दोन्ही कारणं कधी कधी खरी असतात. पण लहान मुलांच्या दातांचं काम करताना मला सारखं जाणवतं ते हे, की आपण व्हार्निशला औषध म्हणून ओळखतो, पदार्थ म्हणून ओळखत नाही. ते द्रावण नाही, निलंबन आहे. त्यात फ्लोराइड विरघळलेलं नसतं, तरंगत ठेवलेलं असतं. एवढं नीट लक्षात घेतलं तर वरच्या तक्रारींपैकी बऱ्याचशा दवाखान्यातच सुटतात.

आधी ठरवा: हा खरंच बिघाड आहे का?

"डॉक्टर, रात्री ब्रश केला आणि सगळं निघून गेलं, आता परत लावावं लागेल का?" हा पालकांचा फोन बिघाडाचा नाही. रात्री निघालं म्हणजे ठरल्याप्रमाणे निघालं.

व्हार्निशचा थर हा दातावर कायम राहायला बनवलेला नाही. तो फ्लोराइड वाहून आणणारा आणि काही तास दाताला चिकटवून ठेवणारा थर आहे. फ्लोराइडचं नुसतं द्रावण दातावर फिरवलं तर लाळ ते काही मिनिटांत धुऊन नेते. संपर्काचा हा वेळ वाढावा म्हणूनच १९६४ मध्ये जर्मनीत श्मिट यांनी राळेच्या आधारावरचं पहिलं फ्लोराइड व्हार्निश तयार केलं. थर चिकटून असतो तेवढ्या तासांत लाळेचं पाणी त्यात शिरतं, सोडियम फ्लोराइडचे कण हळूहळू विरघळतात आणि सुटलेलं फ्लोराइड एनॅमलवरच्या (दाताच्या बाहेरच्या कठीण आवरणावरच्या) व लाळेतल्या कॅल्शियमशी जोडलं जाऊन कॅल्शियम फ्लोराइडसारखे अतिसूक्ष्म गोलक दाताच्या पृष्ठभागावर बसतात. खरं काम पुढे हे गोलक करतात. लाळेतले फॉस्फेट आणि प्रथिनं त्यांच्यावर बसल्यामुळे ते लगेच विरघळत नाहीत. तोंडात आम्ल वाढलं की थोडे थोडे विरघळतात आणि नेमक्या गरजेच्या वेळी फ्लोराइड सोडतात. एनॅमलमधलं हायड्रॉक्सिॲपेटाइट हे खनिज साधारण ५.५ पीएचच्या (पीएच जितका कमी तितकं आम्ल जास्त) खाली विरघळायला लागतं, तर त्याचं फ्लोराइडयुक्त रूप, म्हणजे फ्लोरॲपेटाइट, साधारण ४.५ पर्यंत तग धरतं. हा फरक दाताच्या बाजूने वळवायचा, यासाठीच सगळा खटाटोप आहे.

म्हणून निकष असा ठेवा. चार-सहा तास टिकून थर गेला तर चिंता नको. अर्ध्या-एक तासात सलग पापुद्रे निघाले, लावताना गोळे झाले किंवा दातावर चिकटलंच नाही, तर मात्र पुढे वाचा.

ट्यूबमध्ये नेमकं काय असतं

नेहमीच्या पिवळ्या व्हार्निशमध्ये मुख्य पदार्थ असतो पाइनच्या झाडाची राळ, म्हणजे रोझिन किंवा कोलोफनी. व्हायोलिनच्या गजाला चोळतात तीच. ती विरघळवायला इथाइल अल्कोहोल. शिवाय काही उत्पादनांत लाख, रुमी मस्तकी, मधमाश्यांचं मेण, गोडीसाठी सॅकरिन किंवा झायलिटॉल आणि एखादा स्वाद. यातली अर्धी यादी रविवार पेठेतल्या काष्ठौषधींच्या दुकानात मिळेल. आणि या सगळ्यात मिसळलेली ५ टक्के सोडियम फ्लोराइडची बारीक पूड.

हा आकडा नीट समजून घ्या, कारण लेबल वाचताना इथेच गोंधळ होतो. ५ टक्के सोडियम फ्लोराइड म्हणजे ५ टक्के फ्लोराइड नव्हे. सोडियम फ्लोराइडच्या वजनात फ्लोराइडचा वाटा सुमारे ४५ टक्के, म्हणून प्रत्यक्ष फ्लोराइड २.२६ टक्के, म्हणजेच २२,६०० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग). आपल्याकडे टूथपेस्टमध्ये कमाल १,००० पीपीएमची मर्यादा आहे, त्याच्या बावीसपट. म्हणून दातावर लावायचं प्रमाण थेंबांत मोजायचं असतं. ड्युराफॅट या नेहमीच्या व्हार्निशसाठी दिलेलं प्रमाण दुधाच्या दातांना ०.२५ मिलिलिटरपर्यंत, मिश्र दातांना ०.४० आणि सगळे कायमचे दात असतील तर ०.७५ मिलिलिटरपर्यंत आहे. ०.२५ मिलिलिटरमध्ये सुमारे ५.६५ मिलिग्रॅम फ्लोराइड येतं. विषबाधेची शक्यता धरायची पातळी किलोमागे ५ मिलिग्रॅम, म्हणजे १० किलोच्या बाळासाठी ५० मिलिग्रॅम. मोजून लावलं तर मधलं अंतर भरपूर आहे. पालकांना हे आकडे शांतपणे सांगावेत. ते ऐकून घेतात आणि त्यांची भीतीही जाते.

आता मुख्य मुद्दा. सोडियम फ्लोराइड पाण्यात विरघळतं, तेही फार नाही, १०० मिलिलिटरला साधारण ४ ग्रॅम. अल्कोहोलमध्ये तर ते जवळजवळ विरघळतच नाही. त्याची घनता अडीचच्या वर, अल्कोहोलची ०.७९ आणि राळेची एकच्या थोडी पुढे. जड कण, हलका द्रव. खोकं कपाटात महिनोन् महिने एकाच बाजूला पडून राहिलं की कण खाली बसणारच. घट्ट राळेमुळे ते हळू बसतात एवढंच. उन्हाळ्यात राळ सैलावली की तेवढा अडथळाही कमी होतो.

त्यामुळे न ढवळता ब्रश बुडवला तर वरवर राळ आणि अल्कोहोल येतं, फ्लोराइड तळाशी राहतं. पहिल्या दातांना चकचकीत लाख, शेवटच्या दाढांना फ्लोराइडचा लगदा. मोठ्या ट्यूबमध्ये हेच एका मुलाकडून दुसऱ्या मुलाकडे सरकतं: सकाळच्या मुलांना एक प्रमाण, ट्यूब संपत आली की दुसरं. एका वेळच्या पुड्या आल्या त्यामागे स्वच्छतेसोबत हेही कारण आहे. पण पुडी आहे म्हणून ढवळायची गरज संपत नाही. पुडीबरोबर येणारा छोटा ब्रश लावण्यासाठी असतो, तसाच ढवळण्यासाठीही. तळ खरवडून दहा-पंधरा सेकंद ढवळा. ट्यूब असेल तर बंद असताना बोटांमध्ये चांगली मळून घ्या, मग थेंब काढा.

काचेच्या पट्टीवर बघा

ऐकून पटत नसेल तर हे करून बघा. दवाखान्यात पाच मिनिटांत होतं आणि नवीन असिस्टंटला शिकवायला याहून चांगला धडा माझ्या माहितीत नाही.

पॅथॉलॉजी लॅबमध्ये वापरतात तशा तीन स्वच्छ काचपट्ट्या घ्या. पुडी उघडा आणि न ढवळता वरच्या वर एक थेंब घेऊन पहिल्या पट्टीवर ब्रशने पातळ पसरा. मग पुडी तळापासून ढवळा आणि दुसऱ्या पट्टीवर तसाच थर द्या. मोबाइलचा टॉर्च तिरका धरून दोन्ही बघा. पहिल्या पट्टीवर थर पिवळसर, जवळजवळ आरपार दिसतो आणि कुठे कुठे कणांचे ठिपके. दुसरीवर तो एकसारखा धूसर दिसतो, दव पडलेल्या काचेसारखा. लूप (डोळ्याला लावायचं भिंग) लावून पाहिलं तर कण कसे पसरलेत तेही कळतं: एकेकटे की पुंजक्यांनी. दोन पट्ट्यांत काहीच फरक दिसला नाही तर आनंद आहे, त्या खोक्यातला माल नीट मिसळलेला आहे. आणि ढवळूनही पुंजके मोडत नसतील, खड्यासारखे लागत असतील, तर तो माल बाजूला ठेवा.

तिसऱ्या पट्टीवर आधी पाण्याचा एक थेंब टाका आणि त्यावर व्हार्निश सोडा. काही सेकंदांत वर दुधाळ साय धरते. चिमट्याने कड उचला, अख्खी साय सलग उचलून येते. कोरड्या पट्टीवरचा थर तसा उचलत नाही, खरवडावा लागतो. पापुद्र्यांच्या तक्रारीचं निम्मं उत्तर या तिसऱ्या पट्टीवर आहे.

एक मर्यादा लक्षात ठेवा. दिसणारा प्रत्येक कण सोडियम फ्लोराइडचा असेलच असं नाही. झायलिटॉलचे स्फटिक, पांढरेपणासाठी घातलेली पूड, कॅल्शियमचे क्षार हेही कणच. पट्टी तुम्हाला मिश्रण एकसारखं आहे का ते सांगते, फ्लोराइड किती आहे ते सांगत नाही. ते मोजायला फ्लोराइड इलेक्ट्रोड असलेली प्रयोगशाळा लागते. व्हार्निशमधल्या एकूण फ्लोराइडसाठी आयएसओ १७७३० हे मानक २०१४ पासून आहे. घाऊक खरेदी करणाऱ्या कॉलेजांनी आणि संस्थांनी सप्लायरकडे त्याची विचारणा जरूर करावी.

ओला दात

"व्हार्निश ओल्या दातावरही चालतं" हे वाक्य प्रतिनिधी सांगतात, आपणही पुढे सांगतो आणि त्यातूनच घोळ होतो. खरं एवढंच आहे की राळेचं व्हार्निश पाण्याच्या स्पर्शाने घट्ट होतं. राळ पाण्यात विरघळत नाही. अल्कोहोल लाळेत निघून गेलं की राळ जागच्या जागी साकळते. म्हणून दात ठणठणीत कोरडा करायची गरज नाही आणि दोन वर्षांच्या रडणाऱ्या मुलाचंही काम होतं. पण साकळते कुठे, हा खरा प्रश्न. ब्रश आणि एनॅमल यांच्या मध्ये लाळेचा थर असेल तर राळ लाळेवर साकळते, दातावर नाही. तिसऱ्या पट्टीवरची साय तीच.

टिंबर मार्केटकडे जुन्या लाकडी सामानाला चपडा पॉलिश करणारे कारागीर बघा. स्पिरिटमध्ये लाख विरघळवून ते कापडाच्या बोळ्याने पातळ पातळ हात देतात, आणि ओलसर लाकडाला बोळा लावतच नाहीत. पॉलिश पांढरं पडतं आणि सुटून येतं. आपल्या हातातला पदार्थही त्याच जातीचा आहे आणि नियमही तेच लागू पडतात: पृष्ठभाग पुसलेला, थर पातळ.

प्रत्यक्षात असं करा. गॉजचा तुकडा बोटाला गुंडाळून एका बाजूचे दात पुसून घ्या. यात लाळही जाते आणि वरचा मऊ प्लाक, म्हणजे जंतूंचा चिकट थरही. पॉलिशिंगची वेगळी बैठक लागत नाही, पण जाड प्लाक तसाच ठेवला तर व्हार्निश प्लाकला चिकटतं आणि त्याच्यासकट निघून येतं. पुसलं की लगेच तेवढ्याच बाजूला लावा, मग दुसरी बाजू. सगळं तोंड आधी पुसून मग सुरुवात केली तर शेवटच्या दाढेपर्यंत पोहोचेस्तोवर लाळ परत आलेली असते. खालच्या पुढच्या दातांच्या आतली बाजू सर्वांत आधी भिजते, ती सुरुवातीलाच उरकून घ्या किंवा तिथे कॉटन रोल ठेवा. थर इतका पातळ हवा की दाताचा आकार त्यातून दिसला पाहिजे. "थोडं जास्त लावलं तर जास्त संरक्षण" हा समज मोडायला हवा: जाड थराची वरची बाजू घट्ट होते, आत अल्कोहोल अडकून राहतं, आतला भाग लिबलिबीत राहतो आणि जिभेच्या पहिल्या फटक्याला सगळा तुकडा सरकतो.

दाढांच्या खाचांमध्ये मात्र ब्रश दाबून, टोकाने व्हार्निश आत ढकलून लावा. तिथे वरून फिरवलेला हात पुरत नाही. पांढरट डाग असलेल्या जागा, म्हणजे हिरडीलगतच्या खडूसारख्या रेषा, यांवर थोडा जास्त वेळ द्या. तिथलं एनॅमल सच्छिद्र झालेलं असतं आणि कॅल्शियम फ्लोराइड तिथे निरोगी एनॅमलपेक्षा जास्त साठतं. आपल्याला पोहोचायचंय ते नेमकं तिथेच.

घट्ट झालेलं व्हार्निश

पुण्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो. दुपारी दवाखाना बंद, एसी बंद, आणि पश्चिमेच्या भिंतीवरच्या कपाटात व्हार्निशचं खोकं. किंवा शिबिराला जाताना सामान गाडीच्या डिकीत, हडपसरपासून वाघोलीपर्यंत उन्हात. टोपण अर्धवट लागलेलं असेल तर अल्कोहोल उडतं, मागे राळेचं प्रमाण वाढतं आणि व्हार्निश तारा धरायला लागतं. असं व्हार्निश ब्रशमधून सुटत नाही, गोळ्यानेच पडतं, दातावर पसरायच्या आत साकळतं.

यावर एक उपाय बऱ्याच ठिकाणी पाहिला आहे आणि तो अजिबात करू नका: स्पिरिट किंवा सॅनिटायझरचे दोन थेंब घालून पातळ करणं. सॅनिटायझरमध्ये अनेकदा आयसोप्रोपिल अल्कोहोल असतं, औद्योगिक स्पिरिटमध्ये मिथेनॉल असू शकतं, आणि हे मुलाच्या तोंडात जाणार आहे. शिवाय फ्लोराइडचं प्रमाण किती झालं हे मग कोणालाच सांगता येत नाही. घट्ट झालेली ट्यूब टाकून द्यायची, तिथे काटकसर नको.

साठवण लेबलवर लिहिलेल्या तापमानाला करा. फ्रिजमधून काढलेलं व्हार्निशही घट्ट लागतं. ते बंद पुडीतच खोलीच्या तापमानाला येऊ द्या आणि मगच ढवळा. पावसाळ्यात थंड पुडी लगेच उघडली तर हवेतली वाफ तिच्यावर धरते आणि पाण्याचा अंश आत जातो. थोडंसं पाणी या पदार्थाचं काय करतं ते काचपट्टीवर पाहिलंच आहे. उघडी पुडी "पुढच्या मुलासाठी" ठेवणं तर संसर्गाच्या दृष्टीनेही चूकच.

पांढरी आणि कॅल्शियमवाली व्हार्निश

पालकांना पिवळा रंग नको असतो म्हणून पांढरी किंवा रंगहीन उत्पादनं आली. त्यात राळेवर प्रक्रिया करून तिचा रंग काढलेला असतो. लावायची रीत तीच, पण एक अडचण येते: लावलं कुठे आणि राहिलं कुठे हे दिसत नाही, त्यामुळे हात दोनदा फिरतो आणि थर जाड होतो. इंटर्नला शिकवताना मी म्हणूनच आधी पिवळं देते.

काही उत्पादनांत फ्लोराइडच्या जोडीला कॅल्शियम आणि फॉस्फेटही असतं: क्लिनप्रो व्हाइट व्हार्निशमध्ये ट्रायकॅल्शियम फॉस्फेट, एमआय व्हार्निशमध्ये दुधातल्या केसीन प्रथिनावर आधारलेलं सीपीपी-एसीपी, एनॅमल प्रोमध्ये नुसतं एसीपी (अमॉर्फस कॅल्शियम फॉस्फेट). कॅल्शियम आणि फ्लोराइड पाण्यात समोरासमोर आले की लगेच कॅल्शियम फ्लोराइड होऊन बसतात, आणि ते ट्यूबमध्येच झालं तर दातासाठी काही उरत नाही. म्हणून कंपन्या कॅल्शियमवर आवरण चढवतात, त्याला प्रथिनात गुंफतात किंवा पाण्याविना ठेवतात. अर्थ असा की या प्रकारात ओलावा आणि मुदत या दोन गोष्टींना जास्त जपायला हवं. आणि दुधाच्या प्रथिनांची ॲलर्जी असलेल्या मुलाला केसीनवालं व्हार्निश लावायचं नाही. हा प्रश्न फॉर्मवर छापूनच ठेवा, घाईत विचारायचा राहतो.

अगदी निराळा प्रकार म्हणजे फ्लोर प्रोटेक्टर, १९७० च्या दशकातला. मूळ उत्पादनात राळेऐवजी पॉलियुरेथेन आणि सोडियम फ्लोराइडऐवजी डायफ्लुओरोसिलेन. फ्लोराइड फक्त ०.१ टक्का, पण विरघळलेलं. त्यात तळाशी काही बसायचा प्रश्नच नाही, पण दात मात्र खरोखर कोरडा लागतो. याच नावाची पुढची आवृत्ती वेगळ्या घटकांची आहे, तेव्हा नावावर जाऊ नका, खोक्यावरची घटकांची यादी वाचा. राळेच्या व्हार्निशची सवय झालेला हात हे उत्पादनही ओल्या दातावर फिरवतो आणि मग "हे चिकटतच नाही" अशी तक्रार येते.

घरी गेल्यावर

लावणं व्यवस्थित झालं तरी पुढच्या चार तासांत घरचे सगळं घालवू शकतात. आजी कौतुकाने गरम चहात खारी बुडवून देतात; गरम पेयाने राळ मऊ पडते. चिक्की, चकली, भडंग, शेंगदाण्याचा लाडू हे तर थर ओढूनच काढतात. "काही खायला देऊ नका" असं सांगितलं तर घरी पाळलं जात नाही, कारण मूल उपाशी असतं. त्याऐवजी काय द्यायचं ते सांगा: कोमट वरणभात, दहीभात, केळं, मऊ उपमा. पाणी चालतं. ब्रश उत्पादनाप्रमाणे चार तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी. शिबिरात तर मधल्या सुट्टीच्या आधी लावू नका. डबा खाऊन, चूळ भरून आलेल्या वर्गाला लावा. वेळापत्रकातला एवढा बदल ब्रँड बदलण्यापेक्षा जास्त उपयोगी पडतो.

पापुद्रे नाहीत, पण ओठ खाजतात

ही तक्रार वेगळी आणि लगेच बघायची. राळ हा संपर्क-ॲलर्जीचा ओळखीचा पदार्थ आहे. चिकटपट्टीने ज्यांना पुरळ येतं अशा काहींना हीच ॲलर्जी असते, कारण काही चिकटपट्ट्यांच्या गोंदातही राळ असते. ओठांना सूज, खाज, तोंडात जळजळ दिसली तर ब्रश आणि गॉजने थर काढून टाका, तोंड धुऊन घ्या, मुलाला लक्ष ठेवून बसवून घ्या. श्वास लागत असेल तर वेळ न घालवता हॉस्पिटल. ड्युराफॅटच्या माहितीपत्रकात दमा असलेल्यांना आणि हिरड्यांना किंवा तोंडाला व्रण असलेल्यांना लावू नये असं स्पष्ट आहे. आपल्या शहरात दम्याचा पंप वापरणारी मुलं काही कमी नाहीत आणि शिबिराच्या रांगेत पालक जवळ नसतात. संमतीपत्रकात दमा, चिकटपट्टीची ॲलर्जी आणि दुधाची ॲलर्जी हे तीन प्रश्न मराठीत, मोठ्या अक्षरात हवेत.

सगळं बरोबर करूनही कीड येते तेव्हा

व्हार्निशचा पुरावा भक्कम आहे. अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र तपासणाऱ्या २०१३ च्या कोक्रेन समीक्षेत कायमच्या दातांत किडीचं प्रमाण सरासरी ४३ टक्क्यांनी आणि दुधाच्या दातांत ३७ टक्क्यांनी कमी आढळलं. त्याच वर्षीच्या अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या शिफारशीत सहा वर्षांखालच्या मुलांसाठी दवाखान्यात लावायच्या फ्लोराइडपैकी फक्त व्हार्निशच सुचवलं आहे, दर तीन ते सहा महिन्यांनी. यातला "दर" महत्त्वाचा. पहिलीत एकदा लावून चौथीत तपासलं तर व्हार्निशला दोष देता येणार नाही. आणि आधीच खड्डा पडलेल्या दाढेवर व्हार्निश फिरवून ती बुजत नाही. तिला फिलिंग किंवा कीड थांबवणारं सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड हे औषध लागतं.

पाण्याचाही प्रश्न पालक हमखास काढतात, विशेषतः टँकरवर चालणाऱ्या सोसायट्यांतले. खडकवासला साखळीतलं नळाचं पाणी धरणाचं, म्हणजे पृष्ठभागावरचं. अशा पाण्यात फ्लोराइड सहसा कमी असतं. बोअरवेलचं पाणी मात्र तपासूनच सांगता येतं. भारतीय मानकात १ मिलिग्रॅम प्रति लिटर ही इष्ट आणि १.५ ही कमाल मर्यादा आहे. तपासणी करून घ्या असं जरूर सांगा, पण तेवढ्यासाठी व्हार्निश अडवून धरू नका; वर्षातून दोन-चारदा लावायची ही गोष्ट पिण्याच्या पाण्यासारखी रोज पोटात जात नाही.

खोकं सदोष वाटत असेल तर

ढवळलं, पुसलं, पातळ लावलं, तापमान सांभाळलं, तरीही त्याच खोक्यातल्या पुड्या गोळे धरत असतील तर माल खराब असू शकतो. अशा वेळी नुसतं "क्वालिटी बरोबर नाही" म्हणून सप्लायरकडे काही होत नाही. रजिस्टरमध्ये प्रत्येक मुलाच्या नावापुढे लॉट नंबर आणि मुदत लिहायची सवय असेल तर कोणत्या लॉटपासून तक्रारी सुरू झाल्या ते लगेच दिसतं. त्या लॉटच्या दोन पुड्या न उघडता बाजूला ठेवा, उघडलेलीच्या काचपट्ट्यांवर तारीख लिहा आणि आधीच्या चांगल्या लॉटची पट्टी शेजारी ठेवून तिरक्या उजेडात फोटो काढा. लॉट नंबर, खरेदीची पावती, साठवणीचं ठिकाण आणि फोटो हे सगळं एकाच लेखी तक्रारीत पाठवा, आणि उत्तर येईपर्यंत तो लॉट वापरातून काढून ठेवा.